बुरशीमुळं आजारपण: लघवीची टॉक्सिन टेस्ट की छातीचा डॉक्टर, आणि विम्याच्या क्लेमच्या कागदावर काय हवं

२०१९ ला पाणी आलं, २०२१ ला परत आलं, दोन्ही वेळा सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोका पातळी मागं पडली आणि गावभागातल्या आमच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी. भिंती वरनं वाळल्यासारख्या दिसल्या म्हणून रंग मारला आणि लोखंडी कपाट परत त्याच भिंतीला लावलं. दीड वर्षानं कपाट सरकवलं तर मागं गुडघ्यापासून खांद्यापर्यंत काळपट हिरवी बुरशी, बोट लावलं की पिठासारखी उडायची, आणि आई रोज त्याच खोलीत झोपत होती. तिला खोकला, जिना चढताना दम, वजन उतरलेलं. विट्याला मावशीकडं आठ दिवस राहिली की बरं वाटायचं, घरी आली की चार दिवसांत परत तेच. आम्ही दोन्ही रस्ते चाललोय म्हणून लिहितोय, तुमच्या घरी कुणाला असं होत असेल तर आमच्यासारखे महिने वाया घालवू नका.

पहिला रस्ता म्हणजे ऑनलाइन पॅकेज, लघवीतले मायकोटॉक्सिन, म्हणजे बुरशीनं तयार केलेली विषं, तपासायचं. घरनं सॅम्पल नेतात, रंगीत रिपोर्ट येतो, त्यात दोन-तीन नावं लाल अक्षरात, आणि आपल्याला वाटतं सापडलं एकदाचं! आम्हालाही तसंच वाटलं. पण ही विषं खाण्यातनंही अंगात जातात, शेंगदाणा, मका, मिरची नीट वाळली नाही की त्यातही ती असतात, म्हणून लघवीत सापडली तरी ती भिंतीतनं आली की ताटातनं हे त्या टेस्टवरनं कळत नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१५ मध्येच लिहिलंय की या टेस्ट आजाराचं निदान करायला प्रमाणित नाहीत. आम्ही तो रिपोर्ट दाखवला, ॲडमिट केलं, डिस्चार्ज कार्डवर 'मोल्ड टॉक्सिसिटी, तपासणीसाठी दाखल' असं लिहून आलं आणि क्लेम नाकारला गेला. नुसत्या तपासणीसाठी ॲडमिट झालं तर पैसे नाहीत हा नियम जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत असतो.

दुसरा रस्ता मिरजेला छातीच्या डॉक्टरांकडं. इथं दिसायला झगमगाट काही नाही, पण त्यांनी पाऊण तास नुसते प्रश्न विचारले, घरात कबुतरं आहेत का, कूलर आहे का, कुणी साखर कारखान्यात बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात) काम करतं का, आणि घर सोडल्यावर बरं वाटतं का. ते विट्याचं सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि परत विचारलं, किती दिवसांत बरं वाटतं? मग स्पायरोमेट्री (फुंकून फुफ्फुसाची ताकद बघायची), एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन), रक्तात आयजीई (ॲलर्जीची टेस्ट) आणि बुरशीच्या अँटिबॉडी. निदान निघालं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातनं गेलेल्या बुरशीवर फुफ्फुसाची सूज. हे काही जगावेगळं नाही, भारतात २०१७ मध्ये फुफ्फुसाच्या अशा आजारांच्या १,०८४ पेशंटचा अभ्यास छापून आला त्यात जवळजवळ निम्म्यांना हेच होतं. दुसऱ्या कुणाला दमा निघेल, कुणाला एबीपीए (श्वासनळ्यांतल्या बुरशीची ॲलर्जी, तो आपल्याकडं बऱ्याचदा टीबी समजून औषधं चालू होतात), कुणाला नुसती नाकाची ॲलर्जी, म्हणून नाव डॉक्टरांनीच शोधायचं.

आता कागदावरच्या आजाराच्या कोडचं बघा, इथंच दोन रस्त्यांतला खरा फरक कळतो. हॉस्पिटलं आयसीडी-१० ही आजारांच्या नंबरांची जागतिक यादी वापरतात, त्यात मायकोटॉक्सिनसाठी टी ६४ आहे पण तो खाण्यातल्या विषासाठी, भिंतीतल्या बुरशीसाठी नाही. नेटवर झेड ७७.१२० दिसतो, तो अमेरिकेच्या आवृत्तीतला आणि त्याचा अर्थ फक्त बुरशीशी संपर्क आला एवढाच, आजार नाही. आमच्या आजाराला जे ६७ हा गट आहे, त्यात बगॅसोसिसला (बगॅसच्या धुळीनं होणाऱ्या याच आजाराला) जे ६७.१ असा वेगळा नंबरच आहे, कारखान्यातल्या लोकांनी लक्षात ठेवा. दम्याला जे ४५. म्हणजे आजाराचं नाव आणि कोड फुफ्फुसाचा, आणि कारण म्हणून खाली 'पुरानंतर घरातली ओल व बुरशी' हे वाक्य, असं लिहिलेलं टिकतं.

दुसऱ्यांदा आईचं ऑक्सिजन ८६ वर आलं म्हणून ॲडमिट केलं, ऑक्सिजन आणि स्टिरॉइड चालू होतं, ते सगळं कार्डवर आलं आणि क्लेम पास झाला. एक चूक मात्र होता होता राहिली. घाईत कुणीतरी 'बरेच वर्षांपासून खोकला' लिहिलं होतं, तसंच गेलं असतं तर आधीपासूनचा आजार म्हणून अडकलं असतं (त्याची वाट बघायची मुदत आधी चार वर्षं होती, २०२४ पासून जास्तीत जास्त तीन). खरं काय ते, म्हणजे कधीपासून, महिना सांगून, पहिल्याच केसपेपरवर लिहून घ्या, चुकलं असेल तर डॉक्टरांकडनं सही शिक्क्यासह दुरुस्त करून घ्या. खोटी तारीख अजिबात नको.

कॅशलेस मिळालं तर उत्तमच, नाही मिळालं तर सगळे मूळ कागद सांभाळून नंतर मागा. ॲडमिट होण्याआधीच्या तीस दिवसांतलं सीटी, रक्त वगैरे बिल बऱ्याच पॉलिसीत धरतात, नुसत्या ओपीडीचं सहसा नाही. नाकारलं तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर पुण्याला विमा लोकपाल, फी नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि भिंत खरवडायच्या आधी तारखेसह फोटो काढा, पेशंटला त्या दिवशी घरात ठेवू नका. भिंतीचा खर्च हेल्थ पॉलिसीतनं मिळत नाही, तो आम्हीच केला, प्लास्टर विटेपर्यंत काढलं. आई आता वरच्या खोलीत झोपते आणि कपाट भिंतीपासून वीतभर लांब आहे.