बीएल२१ स्टार (डीई३) सेल्स: पैसे वसूल, पण सगळ्यांसाठी नाही

प्रोटीन एक्स्प्रेशन (बॅक्टेरियाकडून हवं ते प्रोटीन बनवून घेणं) करून करून वैतागलेल्यांसाठी लिहितेय. इन्व्हिट्रोजन कंपनीच्या या कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचा डीएनए आत घेऊ शकणारे ई. कोलाय बॅक्टेरिया) आमच्या पुण्यातल्या लॅबमध्ये वापरतो, माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार.

साध्या बीएल२१ मध्ये लॉन आणि ओम्पटी हे प्रोटिएज (प्रोटीन कापणारी एन्झाइम्स) नसतात त्यामुळे बनलेलं प्रोटीन वाचतं, पण मुळात एमआरएनएच (जीनची नक्कल, जिच्यावरून प्रोटीन बनतं) टिकला नाही तर प्रोटीन बनणार कुठून? ई. कोलायमधले बहुतेक एमआरएनए जेमतेम काही मिनिटं जगतात, आणि बॅक्टेरियाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, खाणं बदललं की जुनी ऑर्डर रद्द करून नवीन घ्यायची असते ना. आधी आरपीपीएच नावाचं एन्झाइम ५ प्राइम (सुरुवातीच्या) टोकावरचे दोन फॉस्फेट उडवतं, एकच फॉस्फेट उरलेलं टोक दिसलं की आरएनेज ई हे आरएनए कापणारं एन्झाइम जोरात कामाला लागतं आणि ए-यू जास्त असलेल्या जागी मधेच कापतं, मग उरलेल्या तुकड्यांचा पीएनपेज वगैरे मंडळी ३ प्राइमकडून (शेवटाकडून) फडशा पाडतात. (पॉली-ए शेपटी लागली की इथे आरएनए लवकर संपतो, आपल्या पेशींच्या बरोब्बर उलट, हे व्हायवाला हमखास विचारतात.)

टी७ सिस्टिममध्ये (जीनवरून आरएनए बनवायला टी७ विषाणूचं पॉलिमरेज वापरतात ती, नावातलं डीई३ त्याचंच) गोची अशी होते की टी७ पॉलिमरेज इतकं सुसाट पळतं की प्रोटीन बनवणारे रायबोसोम मागे राहतात आणि मधला उघडा आरएनए आयताच आरएनेज ई च्या तावडीत सापडतो. बीएल२१ स्टारमध्ये आरएनेज ई च्या जीनमध्ये आरएनई१३१ म्युटेशन आहे, म्हणजे १०६१ अमिनो ॲसिडच्या या एन्झाइमचा मागचा जवळपास अर्धा भाग गायब, ज्याला पीएनपेज, हेलिकेज आणि इनोलेज चिकटून डिग्रेडोसोम (आरएनए संपवणारी टोळी) बनतो नेमका तोच. कापणारा पुढचा भाग शाबूत ठेवलाय कारण रायबोसोमल आरएनएची काटछाट त्याच्याशिवाय होत नाही, तो काढला तर सेलच मरेल. डोकं लावलंय राव, मानलं!

ट्रान्सफॉर्मेशन (जीन सेलमध्ये घालणं) नेहमीसारखंच, बर्फावर ३० मिनिटं, ४२ डिग्रीला ३० सेकंद, परत बर्फावर. आमच्या एका जीनचा साध्या बीएल२१ मध्ये जेलवर डोळे ताणून बघावा लागणारा बँड यात ठसठशीत आला. दुसऱ्या एका जीनला मात्र काडीचा फरक पडला नाही, तिथे अडचण रेअर कोडॉनची (ई. कोलाय क्वचित वापरतो अशा जीनमधल्या तीन-अक्षरी कोडची) होती आणि त्यावर हा उपायच नाही. प्रोटीन इन्क्लूजन बॉडीत (न विरघळणाऱ्या गुठळ्यांत) जात असेल तरी तेच.

एक स्टार कापला तो लीकमुळे, आयपीटीजी (जीन चालू करणारं रसायन) न घालता जो थोडाफार आरएनए गळतो तोही इथे जास्त टिकतो, त्यामुळे टॉक्सिक प्रोटीन असेल तर पीएलवायएसएस (टी७ पॉलिमरेजला आवर घालणारं प्लास्मिड) वालं व्हर्जन घ्या नाहीतर मिडियात ग्लुकोज तरी घाला.

आणि हो, डीलरला सोमवारीच पाठवायला बजावा. आमचा बॉक्स शनिवारी गेटवर पडून होता, उघडला तर ड्राय आईस पार उडालेला, रिप्लेसमेंटसाठी मेलवर मेल करावे लागले.