‘शून्य डाउन पेमेंट’चा फ्लॅट आणि माझे साडेनऊ लाख

हे मी नाव न देता लिहितो आहे, कारण माझ्या कार्यालयात अजून कोणाला याची कल्पना नाही आणि घरी वडिलांना मी बुडालेली रक्कम निम्मीच सांगितली आहे. पण ओळखीतल्या एका तरुणाला हीच योजना, जवळजवळ त्याच शब्दांत, सांगितली जात असल्याचे गेल्या महिन्यात कळले, आणि मग गप्प बसवेना.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी पिंपरी-चिंचवडमधल्या पुनावळ्यात भाड्याने देण्यासाठी वन बीएचके घ्यायचे ठरवले. डोक्यावर दुसरे कर्ज नव्हते, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, चांगला होता, पगार नियमित होता. अडचण एवढीच होती, की हाताशी रोख साडेचार लाखच होते. फ्लॅट ३८ लाखांना ठरला. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरला जात नाही, हे मला ठाऊक होते. म्हणजे पदरचे ७ लाख ६० हजार आणि शिवाय शुल्क. मी विचार सोडून देणार होतो, तेवढ्यात स्वतःला गुंतवणूक सल्लागार म्हणवणारा तो माणूस भेटला.

त्याचे गणित सरळ होते. करारात किंमत ४७ लाख ५० हजार दाखवायची, म्हणजे ८० टक्क्यांचे कर्ज बरोबर ३८ लाख होते. गृहकर्जाचे मंजुरीपत्र हातात आल्यावर साडेनऊ लाखांचे वैयक्तिक कर्ज काढायचे, ते ‘स्वतःचा हिस्सा’ म्हणून विकासकाच्या खात्यात भरायचे, आणि बँकेचे पैसे सुटल्यापासून १५ दिवसांत ते साडेनऊ लाख मला परत मिळणार. त्यावर तीन वर्षे दरमहा २६,००० रुपये हमीचे भाडे. ५० लाखांच्या आत राहिले की खरेदीदाराने कापून भरायच्या १ टक्का कराची, म्हणजे टीडीएसची, कटकट नाही, हेही त्याने आपणहून सांगितले. या सगळ्यासाठी त्याची फी ७५,००० रुपये.

मी काहीच तपासले नाही, असे कोणी समजू नये. प्रकल्पाचा महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांक मी संकेतस्थळावर पाहिला होता, भोगवटा प्रमाणपत्र पाहिले होते, वकिलाकडून मालकी हक्काचा शोध घेतला होता. ते सगळे खरेच होते आणि आजही खरे आहे. फसवणूक इमारतीत नव्हती, पैसे उभे करण्याच्या पद्धतीत होती, आणि ती कोणत्याही संकेतस्थळावर दिसत नाही. सल्लागाराचा स्वतःचा महारेरा नोंदणी क्रमांक मात्र मी मागितला नाही. तो आधी मागा.

आता तो क्षण सांगतो, जो आठवला की आजही झोप उडते. दुय्यम निबंधक कार्यालयात अंगठा आणि फोटोसाठी आमचा क्रमांक यायला दीड तास होता, आणि दस्त माझ्या मांडीवर होता. त्यात दोन आकडे जवळजवळ छापलेले होते: मोबदला, म्हणजे करारातली किंमत, ४७,५०,०००, आणि सरकारी दराने काढलेले बाजारमूल्य ३३,८०,०००. मी ते वाचले. दोनदा वाचले. ‘सरकारी दर नेहमी कमीच असतो, सर,’ असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. मग मी विचारले, की हमी भाड्याचे आणि साडेनऊ लाख परत देण्याचे कलम यात कुठे आहे? तो अगदी शांतपणे म्हणाला, ‘सर, ते करारात लिहिले तर बँक कर्ज थांबवेल.’ हे वाक्य ऐकूनही मी खुर्चीतून उठलो नाही. मुद्रांक शुल्काचे ३,३२,५०० आणि नोंदणीचे ३०,००० रुपये भरून झाले होते, पत्नी अर्धी रजा टाकून आली होती, आणि एवढे केल्यावर मागे फिरायचे कसे, एवढाच विचार डोक्यात होता. शुल्क परत मागता येते, ही साधी चौकशीही मी त्या दीड तासात केली नाही. ३८ लाखांवर शुल्क २,६६,००० झाले असते; म्हणजे खोट्या किमतीवर मी ६६,५०० रुपये जास्त भरले.

तारण म्हणून मला साडेनऊ लाखांचा धनादेश दिला होता. तो विकासकाच्या नव्हे, भलत्याच एका फर्मच्या खात्याचा होता. ‘या आठवड्यात भरू नका, पुढच्या भरा’ असे सांगत त्यांनी तीन महिने काढले आणि धनादेशाची मुदत संपली. तो वेळेत भरून परत आला असता, तर ३० दिवसांत नोटीस पाठवून धनादेश न वटल्याबद्दलच्या कलम १३८ खाली (परक्राम्य संलेख अधिनियम) दाद मागता आली असती. तो रस्ता मी स्वतःच्या हाताने बंद केला. हमीचे भाडे चार महिने आले, १,०४,००० रुपये, आणि मग फोनच बंद झाला.

पोलीस ठाण्यात मी सात वेळा गेलो. पहिल्यांदा सांगितले, की ही दिवाणी बाब आहे. आर्थिक गुन्ह्यांच्या विभागात गेलो, तर रक्कम त्यांच्या मर्यादेत बसत नाही म्हणून परत त्याच ठाण्यात पाठवले. तिथे चौथ्या खेपेला एका अधिकाऱ्याने सगळ्यांसमोर विचारले, की बँकेला खोटी किंमत तुम्हीच सांगितलीत ना, मग आधी तुमच्यावर गुन्हा नोंदवू का? सही माझी होती, हे मी नाकारत नाही. पण ज्याने दहा जणांकडून अशा सह्या घेतल्या त्याला एकदाही बोलावले नाही, आणि तक्रारदारालाच दम दिला. लेखी अर्जाची पोच मिळायला पाच आठवडे लागले. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

बँकेचे वागणे त्याहून संतापजनक. ३८ लाखांचा फ्लॅट ४७ लाख ५० हजारांचा असल्याचे ज्या मूल्यांककाने लिहून दिले, तो बँकेच्याच यादीतला होता, आणि ५,९०० रुपये प्रक्रिया शुल्क माझ्याकडून घेतले होते. अहवालाची प्रत मागितली, तेव्हा तो ‘अंतर्गत वापरासाठी’ असल्याचे उत्तर आले. वरच्या यंत्रणेने सेवेत त्रुटी नाही असे कळवून तक्रार बंद केली. हप्ता एक दिवस चुकला, तर हीच बँक सकाळी आठला फोन करते.

फ्लॅट आता १४,५०० रुपयांनी भाड्याने गेला आहे. गृहकर्जाचा हप्ता ३३,५८१ आणि वैयक्तिक कर्जाचा २१,६१५, म्हणजे दरमहा ४०,६९६ रुपये पगारातून जातात, सोसायटीचा देखभाल खर्च वेगळा. करात सवलत मिळेल असेही तो म्हणाला होता. घरभाड्यातला तोटा (भाड्याहून जास्त झालेले कर्जाचे व्याज) पगारातून वजा करण्याची मुभा जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच आहे, आणि नव्या प्रणालीत मुळीच नाही. शेजारच्या फ्लॅटची सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा गोषवारा, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते, तिथे खरे व्यवहार दिसतात. आणि भाडे किती मिळते, हे त्या इमारतीच्या सुरक्षारक्षकाला विचारले तरी कळते. मी ते दोन्ही नंतर केले.

असाच धनादेश ज्यांच्या कपाटात असेल, त्यांनी त्यावरची तारीख आत्ताच पाहावी. तीन महिने झाले नसतील, तर सल्लागाराला न विचारता तो उद्याच बँकेत भरावा.