पगारी अकाउंटंट की बाहेरचा सीए?

रत्नागिरीत आंबा पल्पची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली तेव्हा हाच पेच पडला होता. पगारी माणूस रोज समोर असतो. मे महिन्यात क्रेट उतरतात, बागायतदाराचं वजन आणि उचल रसाने चिकट झालेल्या चिठ्ठीवर असते. ती त्याच संध्याकाळी टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, चढली नाही, तर पावसाळ्यात हिशेब जुळवताना नाकीनऊ येतात. पगार मात्र बारा महिने.

बाहेरचा सीए स्वस्त पडतो, टीडीएसची, म्हणजे पैसे देताना कापलेला कर भरायची, ७ तारीख चुकू देत नाही. चिठ्ठ्या त्याच्याकडे पोचवायच्या आपणच.

कंपनीचा पहिला ऑडिटर ३० दिवसांत नेमावा लागतो, आणि २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार त्यालाच वह्या लिहायला देता येत नाहीत. म्हणून वह्या बाहेर द्यायच्या तर दुसरा सीए बघा. माझा कौल मात्र पगारी माणसालाच.