मुंबईत एकच सकाळ हातात असेल तर: इराणी, उडुपी की दादर?

पाहुणे येणार म्हटलं की घरच्या ग्रुपवर दोन दिवस एकच खल चालतो: त्यांना खायला कुठे न्यायचं? वडापाव त्यांनी गावी खाल्लेला असतो, पिझ्झा आता तालुक्याच्या गावीही मिळतो. मग शेवटी तीन नावं उरतात. फोर्ट-धोबीतलाव भागातलं एखादं इराणी, माटुंग्याचं उडुपी, नाहीतर दादरचं मराठी उपाहारगृह. बाहेरून येणाऱ्याला मुंबईची म्हणून सांगता येईल अशी चव या तिन्ही ठिकाणी आहे. मुंबईतच जन्म गेलेल्या आणि रविवार मोकळा मिळालेल्या माणसापुढेही हेच तीन पर्याय असतात.

‘यांतलं सगळ्यात चांगलं कुठलं?’ असं कुणी विचारलं की मी आधी ‘किती वाजता जाणार?’ असं विचारते. या तिन्हींची आपापली वेळ ठरलेली आहे. ती चुकली की नावाजलेल्या हॉटेलातही ‘एवढं काय कौतुक करतात याचं’ असं म्हणत बाहेर पडावं लागतं.

इराणी: लवकर उठणाऱ्यांसाठी

धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोरचं कयानी १९०४ सालचं. फोर्टातली याझदानी बेकरी १९५३ची आणि तिथून जवळच असलेलं कॅफे मिलिटरी १९३३चं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणच्या यझ्द, केरमान भागांतून आलेल्या झरतुष्ट्री मंडळींनी ही हॉटेलं उभी केली. बहुतेक जुनी इराणी हॉटेलं रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसतात. कोपऱ्याची जागा हिंदू दुकानदार अपशकुनी मानायचे म्हणून ती यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. कारण काही असो, दोन्ही बाजूंनी उजेड आत येतो आणि सकाळी आठच्या सुमाराला संगमरवरी टेबलावर तो असा काही पडतो की मोबाईल बाहेर काढणाऱ्या पाहुण्याला दोष देता येत नाही.

इथे मागवायचं ते ब्रून मस्का आणि चहा. ब्रून म्हणजे वरून कडक, आतून मऊ पाव. सुरी लावली की कवचाचा चुरा टेबलभर उडतो. ताजा असेल तर कवच करकरतं आणि चहात बुडवलं की वरच्या लोण्याचे डोळे चहावर तरंगायला लागतात. तो चहा तसाच प्यायचा, नाक मुरडायचं नाही. दातांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांसाठी बन मस्का आहे, त्यांना ब्रून देऊ नका, टाळू सोलून निघते. चहा कडक हवा असेल तर ‘पानी कम’ म्हणा. अंडं चालत असेल तर कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेली अकुरी, मांसाहार चालत असेल तर कीमा-पाव घ्या. निघताना मावा केक बांधून घ्यायचा.

वेळ का महत्त्वाची, तर पाव. सकाळी भट्टीतून आलेला ब्रून आणि दुपारी तीनचा ब्रून या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दुपारचा चिवट लागतो. आता एक नवाच मुद्दा आलाय. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या बेकऱ्यांना लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सोडून गॅस किंवा विजेकडे वळायला सांगितलं. शहराच्या हवेकडे पाहता ते योग्यच आहे, पण ब्रूनच्या कवचाचं काय होणार, यावर पाववाल्यांइतकेच खाणारेही वाद घालताहेत.

शाकाहारी माणसाला मात्र इराण्याकडे दोन-तीन पदार्थांत थांबावं लागतं. मस्का, खारी, जॅम झाले की संपलं. चोख शाकाहारी आत्याबाईंना तिथे नेलंत आणि शेजारच्या टेबलावर कीमा आला, तर पुढचा अर्धा तास तुम्हालाच महागात पडेल.

आणि खरं सांगायचं तर नुसती चव मोजली, तर तिघांत इराण्याचा नंबर तिसरा लागतो. पाव, लोणी, चहा, यात चमत्कार तो कितीसा असणार? तिथे जायचं ते बसायला. एका चहावर पाऊण तास पेपर वाचत बसलेल्या माणसाला तिथे कुणी उठवत नाही. गल्ल्यावरचे शेठ फार तर चष्म्यावरून एकदा बघतात. मुंबईत बसायला मिळणं हीच दुर्मीळ गोष्ट आहे. शिवाय एके काळी शहरात शेकडो असलेली ही हॉटेलं आता मोजकीच उरली आहेत. इडली पाहुण्याला त्याच्या गावीही बरी मिळते, इराणी मात्र मुंबई, पुणे, हैदराबाद सोडलं तर फारसं कुठे नाही.

(पुणेकर लगेच १९३५चं गुडलक काढतील आणि तिथून चालत जाता येईल अशा अंतरावरची वैशाली. मान्य. तुमच्याकडे इराणी आणि उडुपी दोन्ही एकाच फर्ग्युसन रस्त्यावर आहेत, आम्हाला त्यासाठी लोकल बदलावी लागते. पुढे जाऊ.)

माटुंगा: जिथे पोट जिंकतं

चवीत पहिला नंबर माटुंग्याचा, यावर मी वाद घालायलाही तयार नाही. रेल्वेत, कचेऱ्यांत नोकरीला आलेल्या दाक्षिणात्य कुटुंबांची वस्ती इथे वाढली आणि त्यांच्या पोटापाण्याची सोय म्हणून खाणावळी निघाल्या. भाऊ दाजी रोडवरचं कॅफे मद्रास १९४०चं, स्टेशनाला लागून असलेलं ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२चं. शिवाय रामाश्रय, शारदा भवन, कॅफे म्हैसूर. दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत एवढी जुनी हॉटेलं सापडतात, त्यामुळे एकीकडे गर्दी असली तर दुसरीकडे वळायची सोय आहे. ही सोय फोर्टात नाही आणि दादरला थोडीच आहे.

कॅफे मद्रासला पहिल्यांदा जाणारा हमखास मसाला डोसा मागवतो. डोसा वाईट नाही, पण तिथली खरी मजा रसम-वड्यात आहे. खोलगट वाटीत वडा, त्यावर काठोकाठ गरम रसम. आल्याआल्या खाऊ नका. दोन मिनिटं थांबा, वड्याने रसम पिऊ द्या. मग चमच्याने तोडलात की बाहेरून मऊ पडलेला, आत अजून थोडा दम धरून असलेला तुकडा येतो आणि मिरी थेट नाकात चढते. त्याच्यासोबत पोडी (म्हणजे डाळ-मिरचीची कोरडी चटणी) लावलेली इडली, संपताना अननसाचा शिरा दोघांत एक, आणि फिल्टर कॉफी. कॉफी डबऱ्यात ओतून, परत पेल्यात, असं दोन-तीनदा केल्याशिवाय तोंडाला लावू नका, पेला फार तापलेला असतो.

आता वेळेचं गणित. रविवारी सकाळी नऊनंतर तिथे नाव लिहून फुटपाथवर उभं राहावं लागतं आणि आपल्या आधी आलेली मंडळी किती जणांची आहेत हे मोजत बसावं लागतं. आत गेल्यावर अनोळखी लोकांबरोबर टेबल वाटून घ्यायचं. खाऊन झालं की वेटर बिल आणून ठेवतो, आणि बाहेरच्या रांगेतले दहा डोळे काचेतून तुमच्या रिकाम्या पेल्याकडे लागलेले असतात. जुन्या मैत्रिणीशी पाच वर्षांनी भेट होत असेल, मन मोकळं करायचं असेल, तर ही जागा नाही. बोलणं सुरू होण्याआधी उठायची वेळ येईल. कामाच्या दिवशी सकाळी साडेसात-आठला गेलात तर हेच हॉटेल निवांत वाटतं. सोमवारी मात्र कॅफे मद्रास आणि रामा नायक दोन्ही बंद असतात. सोमवारी सकाळी पोहोचणाऱ्या गाडीने पाहुणे येत असतील तर माटुंगा यादीतून काढाच.

रामा नायकांकडचं प्रकरण नाश्त्याचं नाही, जेवणाचं आहे. पहिल्या मजल्यावर जायचं, कूपन घ्यायचं, केळीच्या पानावर बसायचं. रसम, सांबार, दोन-तीन भाज्या, पापड, दही, ताक, आणि वाढपी येतच राहतात. उडुपीच्या कृष्णमठाच्या स्वयंपाकाची परंपरा, त्यामुळे साधं, सात्त्विक. तोंडाला आग लावणारं काही शोधायला गेलात तर हिरमोड होईल. भात वाढायला आलेल्याला ‘पुरे’ वेळेवर म्हणायला शिका. संकोचाने गप्प बसलात की पानावर डोंगर झालाच. अकरा-साडेअकराला जा. साडेबारानंतर कचेऱ्यांतली माणसं येतात आणि जिन्यावर रांग लागते. तोच जिना गुडघेदुखी असणाऱ्यांसाठी अडचणीचा आहे, हे निघण्याआधी लक्षात घ्या.

पैशाच्या दृष्टीने सांगायचं तर दोन माणसांनी पोटभर खाल्ल्यावर माटुंगा आणि इराणी यांत फारसा फरक पडत नाही. फरक पोटात जाणवतो. इराण्याकडून निघाल्यावर बाराला पुन्हा भूक लागते, माटुंग्याहून निघाल्यावर दोनपर्यंत जेवणाचं नाव नको वाटतं. दिवसभर फिरायचं असेल तर हा हिशेब कामाचा.

दादर: सकाळ नको, चार वाजता

दादर या यादीत आहे, पण सकाळच्या लढतीत मी त्याला उतरवणार नाही. सकाळी तिथे पोहे, उपमा, मिसळ मिळतं, चांगलंही मिळतं, पण ते पाहुण्याच्या घरीही होतं. दादरचा प्रहर दुपारी चारचा. सेनाभवनासमोरचं आस्वाद १९८६पासून चालू आहे. २०१५ साली तिथल्या मिसळीला लंडनमध्ये जगातल्या सर्वोत्तम शाकाहारी पदार्थाचा पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून बाहेरगावचे लोक मिसळीसाठीच येतात. कोल्हापूरच्या माणसाला मात्र ती नेऊन खाऊ घालू नका. त्याला ती आजाऱ्याच्या पथ्यासारखी लागेल आणि परतीच्या गाडीपर्यंत तो तेच ऐकवेल. त्याच्यासाठी थालीपीठ आणि कोथिंबीर वडी मागवा.

गोखले रोडवरच्या प्रकाशमध्ये दोनच गोष्टी नीट खायच्या: साबुदाणा वडा आणि पियूष. वडा आला की आधी मधोमध मोडून बघावा. चांगला असेल तर आतला साबुदाणा एकेक दाणा ओळखू येईल असा, पण चिकटून धरलेला असतो आणि दाण्याचं कूट दाताखाली येतं. गिच्च गोळा निघाला तर समजा गर्दीची घाई झाली. पियूष म्हणजे श्रीखंड-ताकाचं जायफळ-केशर लावलेलं घट्ट मिश्रण. पेला लहान दिसतो म्हणून दोन मागवण्याचा मोह होतो. एकच मागवा. चतुर्थी-एकादशीला इथे गर्दीचा कहर असतो, उपास नसेल तर तो दिवस टाळा, असेल तर साडेतीनलाच पोहोचा. स्टेशनाजवळचे मामा काणे १९१०पासून आहेत. गाडी पकडायच्या आधी एक बटाटावडा मारायला ते सोयीचे.

लहान मुलं बरोबर असतील तर तिघांत दादर सगळ्यात सोपं. तिखट बेताचं, ओळखीचे पदार्थ, आणि नंतर मुलांना पळायला शिवाजी पार्क. आजी-आजोबांनाही तेच बरं, ऑर्डर द्यायला भाषा बदलावी लागत नाही.

मासे खाणारे पाहुणे असतील तर दादरची दुपार आणखी वेगळी होते. सिंधुदुर्ग, गोमंतक, चैतन्य यांपैकी कुठेही सुरमई किंवा बांगड्याची थाळी आणि सोलकढी. फक्त १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत थाळी मिळते, पण ताज्या मासळीची अपेक्षा थोडी खाली ठेवून जा.

मग ठरवायचं कसं

पहिल्यांदाच मुंबईत येणारा पाहुणा, कामाचा दिवस, सीएसएमटीला सकाळी गाडी लागते: इराणी. बॅगा घेऊन टॅक्सीने कयानी गाठा, टेबलाखाली बॅगा सरकवा, निवांत बसा. चवीने खाणारा, मुंबई आधी पाहिलेला, लवकर उठायची तयारी असलेला: माटुंगा, मंगळवार ते शुक्रवार. रविवारी जायचंच असेल तर आठच्या आत किंवा नाहीच. मोठं कुटुंब, तीन पिढ्या: दादर, दुपारी चार.

दोन जोडायचे असतील तर इराणी आणि दादर जोडा. ऑक्टोबर २०२५पासून मेट्रो ३ कफ परेडपर्यंत धावते, हुतात्मा चौक आणि दादर एकाच मार्गावर आले आहेत. सकाळी ब्रून, मधे फोर्टात फिरणं, चारला पियूष, हे आता घाम न गाळता जमतं. माटुंगा मात्र त्या मार्गावर नाही, तिथे मध्य रेल्वेची धीमी लोकलच.

इराणी आणि माटुंगा एकाच सकाळी करण्याचा बेत मात्र करू नका. इराण्याकडे घाईने उठावं लागतं आणि माटुंग्याला अर्ध्या भुकेने जावं लागतं. फोर्टातच दुपार होणार असेल तर त्याऐवजी बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया गाठा. १९२३चं हे पारशी-इराणी हॉटेल दुपारच्या जेवणाचंच आहे, आणि इराणहून येणारी आंबट लालचुटुक झरेश्क घातलेला त्यांचा बेरी पुलाव मुंबईत दुसरीकडे त्या चवीचा मिळत नाही. तो नाश्त्यापेक्षा बराच महाग पडतो, एक प्लेट दोघांना पुरते. बाराच्या ठोक्याला जा, आणि कॅरॅमल कस्टर्ड आधीच सांगून ठेवा.