जुन्या पिकअपला मोठं इंजिन: अकरा महिने आणि ४१२ तासांनंतर

मागच्या डिसेंबरात आमच्या जुन्या महिंद्रा पिकअपमधलं प्युजो इंजिन काढलं आणि त्या जागी बोलेरोचं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) टर्बो इंजिन बसवलं. काम घरच्याच शेडमध्ये केलं, मी आणि दाजींनी. त्या वेळी लावलेलं तासांचं मीटर आज ४१२ दाखवतंय. कांद्याचा एक हंगाम, सोलापूरचा एक उन्हाळा आणि काळ्या रानातला एक पावसाळा या इंजिनाने काढला, म्हणून आता लिहायला बसलो. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

आधी महत्त्वाचं. ही गाडी रस्त्यावर जात नाही. तिचा आरटीओचा फिटनेस दाखला संपला तेव्हा आम्ही तो पुन्हा केला नाही, तेव्हापासून ती बांधाच्या आतच फिरते. आमचं रान सीना नदीच्या काठी, सलग एकाच तुकड्यात आहे, मध्ये कुठे सार्वजनिक रस्ता लागत नाही. रस्त्यावरच्या गाडीत वेगळ्या जातीचं इंजिन घालायचा विचार असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. परवानगीशिवाय केलेल्या अशा बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अपघात झाला तर विम्याचा वांधा होतो तो वेगळाच. म्हणून रस्त्यासाठी हे करू नका, असंच मी सांगेन.

इंजिन बदलायची वेळ का आली, तेही सांगतो. आमची विहीर आणि कांद्याचं रान खाली नदीकडे आहे. कांदाचाळ आणि भाड्याचा टेम्पो उभा राहायची जागा वर मुरमाड माळावर. मध्ये एक ओढा. ओढ्यातून वर यायचा चढ दीडशे फुटांचाच, पण अंगावर येणारा. हौद्यात पंचवीस पिशव्या असल्या की प्युजो पहिल्या गिअरमध्ये किंचाळत चढायचं, क्लचचा वास यायचा आणि वर पोचेपर्यंत पाण्याचा काटा लाल पट्टीला टेकलेला असायचा. ट्रॅक्टर का नाही, असं विचाराल. ट्रॅक्टर एकच आहे, काढणीच्या दिवसांत तो रोटाव्हेटरला जुंपलेला असतो. आणि ओढ्याच्या वळणावर ट्रॉली वळत नाही.

पिकअप आप्पांनी १९९४ साली घेतलेली. प्युजो इंजिन दोनदा बांधून झालं होतं. तिसऱ्यांदा बांधायचा खर्च काढला तेव्हा दाजी म्हणाले, "एवढ्या पैशात दुसरं इंजिन येतंय की वो. बांधून तरी चढ थोडाच कमी होणार हाय?" दाजी आयटीआय झालेले फिटर आहेत. त्यांचा हात नसता तर मी या कामाला हातच घातला नसता.

आता मुख्य मुद्दा, कारण लोक इथेच फसतात. प्युजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन २११२ सीसीचं, ताकद ६२ अश्वशक्ती. बोलेरोचं डीआय टर्बो २५२३ सीसीचं, ताकद ६३ अश्वशक्ती. नुसते हे आकडे पाहिले तर एका अश्वशक्तीसाठी एवढा उपद्व्याप कशाला, असं कुणालाही वाटेल. पण प्युजोला ती ताकद द्यायला मिनिटाला ४५०० फेऱ्या लागतात, डीआय तीच ३२०० ला देतं. आणि ओढ्याच्या चढावर लागते ती ओढ, म्हणजे टॉर्क. प्युजोचा टॉर्क साधारण १२० न्यूटन मीटर, याचा १८०, तोही १५०० फेऱ्यांच्या आसपास. हिशेब केला तर त्या फेऱ्यांवरच सुमारे ३८ अश्वशक्ती चाकाकडे निघालेली असते.

याचं एक कारण टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. दुसरं पिस्टनच्या धावेत आहे. प्युजोचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९० मिलिमीटर, त्यावरूनच त्याच्या नावात ९० आलंय, आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८३. डीआयचा बोअर उलट किंचित लहान, ८८.९, पण स्ट्रोक १०१.६. इंचात मोजलं तर साडेतीन बाय चार. हे माप इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनाचं आहे, आणि डीआय त्याच घराण्यातलं. आप्पांनी ते पहिल्यांदा चालू झालेलं ऐकलं आणि लगेच म्हणाले, "ह्यो तर ट्रॅक्टरचा आवाज." त्यांचा कान बरोबर होता.

इंजिन भंगारातल्या गाडीचं घेतलं, गिअरबॉक्ससकट. नुसतं इंजिन घेऊन जुन्या गिअरबॉक्सला जुळवायचं तर बेल हाउसिंगसाठी (इंजिन-गिअरबॉक्स जोडणाऱ्या कवचासाठी) मधली प्लेट तयार करावी लागते, आणि ती केसभर तिरकी झाली तरी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग खाते. गिअरबॉक्ससकट घेतलं की ही कटकटच उरत नाही, शिवाय पाचवा गिअर मिळतो. विकणाऱ्याने इंजिन आधीच गरम करून ठेवलं होतं, आणि गरम इंजिनात दोष झाकले जातात. आम्ही ते चालवून बघायला नकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत गेलो. थंड इंजिन सुरू केलं, ऑइलचं झाकण उघडून बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे तिथून धूर किती फेकला जातो ते, पाहिलं, क्रँकची पुली पुढेमागे ओढून पाहिली, टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहिला. गाडीच्या कागदाची प्रत आणि इंजिन नंबर घातलेलं बिल घेतलं. इंजिन आणि गिअरबॉक्सचे ५८,००० झाले. सगळं धरून खर्च १,१९,००० वर गेला. मी ८०,००० धरले होते.

मुद्दाम मेकॅनिकल पंपाचं इंजिन निवडलं. कॉमन रेलचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फवारणीचं, घेतलं असतं तर सेन्सर, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), अख्खं वायरिंग उचलून आणावं लागलं असतं आणि बिघाड शोधायला दर वेळी स्कॅनरवाला गाठावा लागला असता. रानात ते परवडत नाही.

विहिरीतली मोटर काढायची आमची लोखंडी तिपाई आहे. तिलाच चेन पुली लावून जुनं इंजिन बाहेर काढलं. एका जुन्या सोलापुरी चादरीवर नट-बोल्ट काढलेल्या क्रमाने मांडत गेलो, त्यामुळे बसवताना एकही शोधावा लागला नाही.

नवं इंजिन आत उतरलं, पण सोपं काम तिथेच संपलं. सम्प, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, पुढच्या ॲक्सलच्या वर येत होता. उभ्या गाडीत मध्ये तीन बोटं जागा दिसत होती, पण खड्ड्यात स्प्रिंगचे पाटे दबले की ॲक्सल वर येतो. दाजींनी ॲक्सलवर ओल्या मातीचा गोळा ठेवला, रबर स्टॉपला लागेपर्यंत पाटे दाबले आणि गोळा मोजला. दीड बोट माती उरली होती. तेवढी पुरते, पण हे न पाहता गाडी चालवली असती आणि सम्प फुटला असता, तर ऑइल जाऊन इंजिन जाम झालं असतं. इंजिन जड आहे, म्हणून पुढे दोन्हीकडे एकेक पाटा वाढवला.

इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशनचे ब्रॅकेट आठ मिलिमीटरच्या प्लेटचे केले. आधी नुसते टाके मारले, इंजिन पुन्हा बाहेर काढलं आणि मग पूर्ण वेल्डिंग केलं. पण एक चूक झाली. सम्पला जागा मिळावी म्हणून इंजिन पुढून उचललं आणि गिअरबॉक्सचं मागचं तोंड खाली झुकलं. गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ओढ नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, असतात. तिरकं फिरताना प्रत्येक क्रॉस एका फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो. दोन्हीकडचे कोन सारखे असले की एकाचा झटका दुसरा खातो. आमचे कोन सारखे नव्हते. गाडी चाळिशीला गेली की सीटखाली थरथर जाणवायची, आणि तिसऱ्या आठवड्यात मागचा क्रॉस तुटला, तोही भरल्या गाडीत आणि चढावर. ब्रेक धरला म्हणून गाडी मागे ओढ्यात गेली नाही. नंतर गिअरबॉक्सखाली पट्ट्या घालून कोन जुळवले. शाफ्ट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत लेथवर नेऊन लांबी दुरुस्त केली आणि बॅलन्स करून घेतला. थरथर गेली. हे काम आधीच करायचं होतं, शाफ्ट आणि क्रॉसवर दोनदा पैसे गेले.

त्या दिवशी ब्रेकने गाडी वाचवली, पण ते ब्रेक आम्ही इंजिनाच्या आधी केले होते म्हणून. चारही चाकांचे सिलिंडर, लायनर, पाइप नवे. डीआयच्या अल्टरनेटरमागे व्हॅक्यूम पंप असतो, त्याच्यावर ब्रेकचा बूस्टर जोडला. इंजिन मोठं करणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे, पहिले पैसे ब्रेकला घाला.

सोलापूरच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधी गाडी कामाला लागली. कांद्याच्या पिशव्या भरून पहिल्यांदा ओढ्यात उतरलो तेव्हा आप्पा शेजारी बसले होते. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर जेमतेम पाय ठेवून गाडी वर आली. माळावर थांबलो. आप्पा काही बोलले नाहीत, नुसता डॅशबोर्डवर हात फिरवत राहिले. पंचवीसच्या जागी आता तीस पिशव्या घेतो. त्याहून जास्त भरत नाही, कारण चासी आणि मागचा ॲक्सल जुनेच आहेत.

जानेवारीच्या पहाटे सुरू व्हायला प्युजोला हीटर दोनदा द्यावा लागायचा. त्याच्यात डिझेल आधी एका लहान कप्प्यात पेटतं आणि थंडीत त्या कप्प्याच्या भिंतीच उष्णता पिऊन टाकतात. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या खळग्यात फवारलं जातं, म्हणून किल्ली फिरवली की इंजिन सुरू. डिझेलही याच कारणाने वाचतं. पूर्वी दिवसभराच्या वीस फेऱ्यांना नऊ लिटर लागायचं, आता सात-सव्वासात. फेऱ्या मी वहीत लिहितो, त्यामुळे हा अंदाज नाही, मोजलेला आकडा आहे.

एप्रिलमध्ये खरी परीक्षा झाली. पारा बेचाळीसच्या वर, आणि आमचा रेडिएटर जुनाच होता. दुपारच्या तिसऱ्या फेरीला काटा चढला. रेडिएटरवाल्याने आत तीन पदरी कोअर (नळ्यांचा गाभा) घालायला सांगितलं, ते घातलं. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग दाजींच्या लक्षात आलं की नवा पंखा रेडिएटरपासून चार बोटं मागे आहे आणि त्याला काउलच, म्हणजे पंख्याभोवतीचं आवरणच, नाही. पंखा समोरची हवा ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच फिरवत होता. पत्र्याचं काउल घरी वाकवून बसवलं. खर्च साडेआठशे. मेच्या ऐन दुपारीही काटा मधल्या खुणेवरून हलला नाही. कोअरला घातलेल्या अकरा हजारांपेक्षा या साडेआठशेचा उपयोग जास्त झाला. आधी काउल लावून बघा, मग कोअरचं ठरवा.

पावसाळ्याबद्दल मात्र खोटी आशा ठेवू नका. काळ्या रानात ओल असताना मोठ्या इंजिनाचा काडीचा फायदा नाही. चाकाला पकड नसेल तर जास्त ओढ उलट जास्त खोल खड्डा करते. जुलैत गाडी डिफरन्शियलपर्यंत रुतली, शेवटी ट्रॅक्टरनेच काढली. मागे खोल नक्षीचे टायर घातल्यावर थोडं बरं आहे.

त्रासही आहेत. आवाज फार आहे, शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. केबिनच्या पत्र्याला आतून रबर शीट चिकटवली, पण फरक थोडाच पडला. मंद फेऱ्यांवर इंजिन गदगदतं, त्याने सायलेन्सरचा क्लॅम्प दोनदा तुटला. मध्ये जाळीचा लवचीक तुकडा घातल्यापासून टिकलाय. पुढचं वजन वाढल्याने उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवणं आप्पांना आता जमत नाही. अक्काही पूर्वी ही गाडी चालवायची, ती म्हणते, "क्लच लई कडक झालाय." तिचं खरं आहे. केबलचा मार्ग बदलून पाहिला, थोडा हलका झाला, पण पूर्वीसारखा नाही. टर्बोमुळे गाडी बंद करण्याआधी मिनिटभर नुसती चालू ठेवावी लागते. गडी माणसांना ती सवय लागायला महिना गेला, म्हणून डॅशबोर्डवर तशी चिठ्ठीच चिकटवली आहे.

ऑइल दर १०० तासांनी बदलतो, एअर फिल्टर दर आठवड्याला झटकतो. माळावरचा फुफाटा टर्बोत गेला तर पंख्याची पाती झिजतात, तिथे आळस चालत नाही.

सध्या क्रँकच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपतंय. इंजिन बाहेर होतं तेव्हा हे सील दोनशे-तीनशे रुपयांत बदलून झालं असतं, आता त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागेल. दाजी पुढच्या रविवारी येणार आहेत. सील आणि क्लच प्लेट आणून ठेवली आहे, कांदा काढायला येण्याआधी ते काम उरकायचंय.