चंदेरी रंगाला भुललो आणि ट्रेलर गळ्यात पडला

मासेमारीची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट छोटी होडी, घेतली तेव्हा घरात वाद झाला तो तिच्या किमतीवरून. ती पाण्यापर्यंत न्यायची कशी, हे कुणी विचारलंच नाही. साडेबारा फूट लांब, 42 किलो वजन. गाडीच्या टपावर चढवायला दोन माणसं लागतात, आणि पहाटे साडेचारला वाघूर धरणावर यायला राजी होणारा दुसरा माणूस अख्ख्या जळगावात मला सापडला नाही. म्हणून ट्रेलर.

ओळखीतून एक फॅब्रिकेशनवाला मिळाला. "भाऊ, पाण्यात बुडवा, दहा वर्षं गंज दिसला तर पैसे परत." हिशोब किलोवर ठरला. 50 बाय 50 चा चौकोनी पाईप, 3 एमएम जाडीचा, चौकट 90 किलो भरेल, 190 रुपये किलो. वर हॉट डिप गॅल्व्हनायझिंगचे (गंज लागू नये म्हणून जस्ताचा थर) 6,000, नवीन अ‍ॅक्सल आणि चाकं 14,000, आरटीओच्या कागदांचे 5,000. एकूण 42,100. त्यातले 30,000 आधीच यूपीआयने दिले, तेही त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "कर कशाला भरता?" तिथेच उठायला हवं होतं. पण कर वाचल्याचा आनंद मलाच जास्त झाला होता, खोटं कशाला बोलू.

महिन्याचे अडीच महिने झाले. ट्रेलर आला तेव्हा चांदीसारखा चमकत होता. उरलेले पैसे तिथल्या तिथे दिले.

पहिल्याच फेरीत, हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला जाताना, नशिराबादच्या पुढे गाडी साठच्या वर गेली आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी थोडं, मग गाडीचा मागचा भागही त्याच्याबरोबर ओढला जाऊ लागला. मागून ट्रक येत होता. ब्रेक न मारता अ‍ॅक्सिलेटर सोडला, म्हणून आज हे लिहितोय.

घरी येऊन ट्रेलर गाडीला जोडायच्या हुकाखाली वजनकाटा ठेवला. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 ते 15 टक्के भार हुकावर यायला हवा, नाहीतर ट्रेलर असाच शेपूट हलवतो. माझ्याकडे तो आला 3 किलो! अ‍ॅक्सल चौकटीच्या बरोबर मधोमध लावला होता, बैलगाडीसारखा. आणि ते 'नवीन' अ‍ॅक्सल भंगारातल्या कुठल्या तरी मालवाहू गाडीचं, स्प्रिंगांसकट. पाचसहाशे किलो पेलायच्या पट्ट्या 42 किलोखाली हलतील कशाला? प्रत्येक खड्डा थेट कयाकच्या बुडाला. आधार म्हणून दोन आडव्या पट्ट्या, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलेली. एप्रिलच्या उन्हात पट्टे आवळून कयाक दुपारभर तशीच राहिली आणि प्लास्टिकच्या बुडाला दोन खोल पोचे पडले. (उलटी करून उन्हात ठेवल्यावर एक भरून आला, दुसरा अजून आहे.) लांबीच्या दिशेने रुंद, गादी लावलेल्या फळ्या हव्या होत्या. मी तसं चित्रसुद्धा काढून दिलं होतं.

पण खरी लबाडी दाखवली आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या वेल्डरबाबांनी. मूळचे अमळनेरकडचे. ट्रेलरभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "भाऊ, पाईपमा देखा ना." पाईपच्या तोंडाला बसवलेलं प्लास्टिकचं बूच काढलं. आत लाल गंज. हॉट डिपमध्ये अख्खी चौकट वितळलेल्या जस्तात बुडवतात, त्यामुळे जस्त आतूनही चढतं. शिवाय बंद पाईपला आधी भोकं पाडावीच लागतात, नाहीतर आत कोंडलेली हवा आणि ओल तापून तो फुटू शकतो. माझ्या चौकटीत बंद केलेल्या आडव्या पाईपांनाही एक भोक नव्हतं. चाकूने खरवडलं तर चंदेरी रंगाचे पापुद्रे निघाले.

मग चौकट सुटी करून भंगारवाल्याच्या काट्यावर नेली. 52 किलो. 3 एमएमचा तो पाईप मीटरला सव्वाचार किलोच्या आसपास भरतो, 1.6 चा अडीचसुद्धा नाही. मला 1.6 चा देऊन पैसे 90 किलोचे घेतले.

कागदांचं सांगायचं राहिलं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या व्याख्येत ट्रेलरही मोटार वाहनच धरलाय, त्यामुळे नोंदणी लागते. मला लॅमिनेट केलेला एक कागद मिळाला होता. त्यावरचा नंबर एम-परिवहन अ‍ॅपमध्ये टाकला तर निघाली कुणाची तरी शेतीची ट्रॉली. हे मी पैसे द्यायच्या आधी, त्याच्या दारात उभं राहून दोन मिनिटांत करू शकलो असतो.

फॅब्रिकेशनवाला आधी फोन उचलायचा, मग "मालक बाहेरगावी", मग बंद. 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, तक्रार नोंदवली. बिल नाही, पण यूपीआयच्या पावत्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "3 एमएम, हॉट डिप" असं त्याने स्वतः लिहिलेलं होतं, ते जोडलं. मेव्हण्याच्या खात्यातून 7,000 परत आले. बाकीच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतोय.

परवा माझ्या एका मित्राला ट्रेलरचा भाव सांगताना त्याच फॅब्रिकेशनवाल्याने 'आमचं काम' म्हणून फोटो पाठवला. बाभळीखाली चंदेरी ट्रेलर, वर पिवळी कयाक, पुढच्या टोकाला माझ्या मुलीने चिकटवलेला माशाचा स्टिकर. तो फोटो तुम्हालाही आला तर ओळखा.