दिघ्याच्या हद्दीवरची फायर ब्रिगेड सेवा: ५ पैकी ४ स्टार

आमचं घर दिघ्यात, म्हणजे नवी मुंबईचं अगदी टोक, पुढे विटावा लागलं की ठाणे महापालिका चालू. मे महिन्यात रात्री साडेअकराला मागच्या भंगाराच्या गोडाउनला आग लागली, आत प्लास्टिकचे ड्रम, धूर थेट आमच्या चाळीवर, पोरंबाळं घेऊन सगळे रस्त्यावर. त्या रात्री धावून आलेल्या बंबवाल्यांसाठी हा रिव्ह्यू.

कापलेला स्टार कशाचा ते आधी सांगते. मोबाइलवरून १०१ लावला तर भलत्याच कंट्रोल रूमला लागला आणि समोरचा म्हणतो, ताई ही आमची हद्द नाही, दुसरीकडे लावा. अहो, आग दारात आलीये, नंबर कुठे शोधत बसू? वर्दी घ्यायची आणि तुम्हीच पुढे कळवायचं ना! चार-पाच मिनिटं यातच गेली.

पण गाड्या आल्यावर हद्दीचं नाव कुणी काढलं नाही. पहिली एमआयडीसीची, मग ऐरोलीची, मग कळव्याकडून ठाण्याची. एकाचं पाणी संपलं की दुसऱ्याच्या टँकरला पाइप जोडायचा, खटकन बसायचा. नंतर एका जवानाला विचारलं तर म्हणाले आपल्याकडे कपलिंग, म्हणजे पाइप जोडायचं तोंड, सगळीकडे ६३ एमएमचंच, आयएस ९०३ या भारतीय मानकाप्रमाणे. ऐकायला साधी गोष्ट, पण १९०४ ला अमेरिकेत बाल्टिमोर पेटलं तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब आले आणि त्यांचे पाइप तिथल्या नळांना बसेचनात, दीड हजाराच्या वर इमारती गेल्या.

एक गोष्ट मात्र खटकली. फोम मारायची वेळ आली तेव्हा कोणाचा फोम वापरायचा, हुकूम कोणाचा चालणार यावर साहेब लोकांचं थोडा वेळ बोलणं चाललं, आणि आम्ही ड्रम फुटायची वाट बघत उभे. हे आधी कागदावर ठरलेलं का नसावं? अमेरिकेत राज्याराज्यांत संकटात एकमेकांच्या मदतीला जायचा ईमॅक नावाचा करार आहे, १९९६ ला तिथल्या काँग्रेसने मान्य केलेला, पन्नासही राज्यं त्यात आहेत. ज्याने मदत मागितली त्याने खर्च द्यायचा, आलेल्या टीमने त्याच्याच हुकमाखाली काम करायचं, डॉक्टर-नर्सचं आपल्या राज्याचं लायसन्स तिथे चालणार, आणि आलेल्या माणसाला इजा झाली तर भरपाई त्याच्या स्वतःच्या राज्याने द्यायची, सगळं आधीच लिहिलेलं. सार्क देशांनी पण २०११ ला असाच एक करार केला. मग खाडीच्या या दोन काठांना काय अवघड आहे? माणसं तर जातातच, ठाण्याची टीडीआरएफ, म्हणजे महापालिकेचं आपत्ती प्रतिसाद दल, २०२० ला महाडच्या पडलेल्या बिल्डिंगवर गेली, २०२३ ला इर्शाळवाडीला गेली. त्या जवानांच्या घरच्यांना तरी माहीत असावं की परक्या हद्दीत काही झालं तर कोण बघणार.

पहाटे तीनला आग विझली. शेजारच्या काकूंनी सगळ्यांना चहा दिला. रस्त्यावर पाइपांचा नुसता गुंता, सगळे ओले आणि काळे पडलेले, कुठला कुणाचा कळेना, मग तिन्हीकडचे जवान टॉर्च लावून कपलिंगवरची अक्षरं वाचत एकमेकांचे पाइप गुंडाळून देत होते.